कॉलबुक

टिक एकदाच आली.
पडद्यावर उमटला १,
आणि मग काही नाही.
भुसावळची मे महिन्यातली दुपार थांबते तसं सगळं थांबलं.
कीबोर्डही मुका. तो तर रांगेत टायमरच्या मागे.

तिसरी रात्र. गच्चीवर बाजेवर बसून
मी आणि माझं हे एवढंसं कर्नल.
घड्याळाच्या चिपला सांगून ठेवलंय, सेकंदाला शंभर हाका मार.
भाजक तपासला: अकरा हजार नऊशे बत्तीस. बरोबर.
तक्त्यात हँडलरचा पत्ता. बरोबर.
हाक आली की प्रोसेसर हातातलं काम टाकून येतो,
टाकून नव्हे, ठेवून, एकेक रजिस्टर स्टॅकवर,
जशी आई दारात कुणी आलं की
गॅस बारीक करते, कळण्याचं पीठ बोटांना तसंच,
कोपरानं कडी काढते, दोन शब्द बोलते,
आणि परत येऊन त्याच भाकरीची
राहिलेली तीच कड थापते.
इतकं सगळं केलं होतं मी.
तरी १.

दूर दीपनगरच्या चिमण्यांवर लाल दिवे.
अण्णा शेजारच्या बाजेवर जागे.
ते रेल्वेत कॉलबॉय होते, एकतीस वर्षं.
रिटायर झाले तेव्हाही बॉयच.
रात्री दोनला सायकल, हातात बत्ती, काखेत कॉलबुक.
पंधरा बंगल्याला फर्नांडिस ड्रायव्हर, खडका रोडला नेहेते गार्ड.
उठा साहेब, अडीचची मालगाडी.
आता मोबाइलवर मेसेज जातो.

"काय अडलं वं?"
सांगितलं, जमेल तसं.
"हाक मारली त्यानं?"
मारली.
"उठलं ते?"
उठलं, काम केलं, परत आपल्या जागी गेलं.
"अन् सही?"
कसली सही?
"बुकात सही केल्याबिगर तो दुसऱ्यांदा हाक मारीन कसा?
उभाच राहीन ना तठी, दाराशी."

मी गप्प.
ते मात्र बोलत राहिले, माझ्याशी नाही.
श्रावणातली झड होती. बुक भिजू नये म्हणून सदऱ्यात धरलेलं.
फर्नांडिस खिडकीतूनच येस येस म्हणाले
आणि अण्णा सही न घेता निघाले. एकदाच. एकतीस वर्षांत.
मालगाडी यार्डात चार तास,
मागे वरणगावपर्यंत सिग्नल लाल.
चौकशीत साहेबानं बुक उघडून
कोऱ्या ओळीवर बोट ठेवलं.
"हाक मारली होती मी," अण्णा म्हणाले,
आत्ता, गच्चीवर, कुणाला कोण जाणे.

एकच ओळ राहिली होती माझी.
हँडलरच्या शेवटी, परत जायच्या आधी,
विसाव्या पोर्टला वीस, सोळाच्या हिशोबातलं वीस:
झालं, पोचलं, पुढची हाक येऊ दे.
लिहिली.
२. ३. ४. मग वाचता येईनात इतके.
कीबोर्डही बोलला. मी आनंदानं तीनचार वेळा नुसतंच क दाबलं.

अण्णा आकड्यांकडे बघत होते.
"दोन हाकांच्या मधात काय करतं ते?"
निजतं. तशी आज्ञाच आहे त्याला.
"एका सेकंदात शंभर डाव उठायचं," ते म्हणाले,
"अन् त्यातच निजायचं?"
चष्मा काढून त्यांनी उशाला ठेवला.
"कमी कर त्याचं."

केलं.
भाजक जितका मोठा करता येतो तितका.
सेकंदाला अठरा आणि वर थोडं.
त्याहून हळू हाक मारणं या चिपला येत नाही.
अठरा, मी म्हटलं.
ते काही बोलले नाहीत.

दोन वाजून दहा मिनिटांनी अण्णा उठले,
जिना उतरून फाटकापर्यंत गेले,
कडी काढली, लावली, वर आले.
रोज जातात.
मी विचारत नाही.
पडद्यावर आकडा चालू होता, तसाच राहू दिला.